तलाव दुरुस्तीसाठी बंद आहे

५ नोव्हेंबर

वहिनी,

नमस्कार-चमत्कार पुढच्या पत्रात. आज मी चिडलेली आहे आणि त्यातली निम्मी चीड तुझ्यावर आहे, तेव्हा आधी ती संपवते. फोन मुद्दामच केला नाही. फोनवर आपण दोघी एकदम बोलतो आणि एकदमच ठेवून देतो. पत्रात निदान वाक्य पुरं करता येतं.

तुझ्या मुलीला एचआयव्ही आहे, हे मला परवा कळलं. तुझ्याकडून नाही, तिच्याकडूनही नाही. आमच्या जिन्यात, इतिहासाच्या प्राध्यापकांच्या बायकोकडून. ‘ती पोहायला शिकवणारी मुलगी हो, दिसते किती साधी,’ असं म्हणाली. मी तिची सख्खी आत्या आहे हे त्या बाईला ठाऊक नाही. या विद्यापीठात कुणालाच ठाऊक नाही. ती, आपली तुडतुडी, इथे शिकायला आली तेव्हा आपण तिघींनी मिळून ठरवलं होतं की नातं बोलायचं नाही, नाहीतर लोक तिला वशिल्याचं तट्टू म्हणतील. आडनावं वेगळी, त्यामुळे निभावलं. म्हणजे मी जिन्यात उभी राहून माझ्याच भाचीची बातमी ‘हो का, हो का’ करत ऐकून घेतली. रात्री तिला फोन केला तेव्हा कळलं की तुला वर्षभर माहीत होतं. एक ओळ लिहायला तुझा हात मोडला होता का?

बातमी जिन्यापर्यंत कशी आली तेही ऐक. पोहण्याच्या शिक्षकांना दरवर्षी आरोग्य केंद्राचा दाखला लागतो. तुडतुडीने तिथल्या डॉक्टरांना सरळ सांगितलं की मी अमुक गोळ्या घेते. डॉक्टरांनी क्रीडा संचालकांना विश्वासात घेतलं. संचालकांनी कुलसचिवांना विश्वासात घेतलं. कुलसचिवांनी बायकोला घेतलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी सगळे क्वार्टर्स विश्वासात होते. गुपित एका वेळी एकालाच सांगितलं तर ते गुपितच राहतं, अशी इथल्या विद्वानांची समजूत आहे.

त्याच संध्याकाळी पंप लावून पोहण्याचा तलाव रिकामा केला आणि फाटकावर पाटी लावली: ‘तलाव दुरुस्तीसाठी बंद आहे.’ वहिनी, मी जन्मभर रसायनशास्त्र शिकवलं. त्या पाण्यात एवढं क्लोरीन असतं की घरी येऊन डोळे चोळत बसावं लागतं. हा विषाणू शरीराबाहेर तग धरत नाही, आणि एकत्र पोहून तो कुणाला लागलाय असं कधी झालेलं नाही. शाळेतलं पोर सांगेल. पण इथे शाळेतली पोरं नाहीत ना, इथे सगळे पीएचडी झालेले आहेत.

हसू नकोस, कारण पुढचं हसण्यासारखं नाही. तिची नोकरी त्या तलावावर आहे. तलावामागची खोली नोकरीसोबत मिळालेली आहे. नोकरी गेली की खोली जाणार, आणि खोली गेली की अर्धा झालेला प्रबंध गुंडाळून तिला घरी यावं लागणार. पोरगी धडधाकट आहे, माझ्याहून चार पट जोरात चालते, गोळी कधी चुकवत नाही.

आणि या सगळ्यावर कळस असा की, येत्या १ डिसेंबरच्या जागतिक एड्स दिनासाठी विद्यापीठाने एक जनजागृती समिती नेमली आहे. डॉक्टर, क्रीडा संचालक, कुलसचिव, सगळे तिच्यात आहेत.

मीही आहे.

तुझी नणंद


१२ नोव्हेंबर

वन्सं,

तुमचं पत्र दुकानात उघडलं ही चूक झाली. समोर एक आजोबा चष्म्याचा नंबर काढायला बसले होते. मी त्यांना चुकीची काच घातली आणि ते मला ‘भिंत वाकडी दिसते’ म्हणायला लागले. म्हटलं, मलाही.

तुम्हाला सांगितलं नाही कारण तिने मला शपथ घातली होती. आणि खरं सांगू का, सांगितलं असतं तर तुम्ही आधी अर्धा तास विषाणूची रचना समजावून दिली असतीत. मला तेव्हा रचना नको होती.

मला दुसरंच काही हवं आहे आणि ते मला कुणी देत नाही. हे झालं कसं? कुणाकडून, कधी, कुठे? मी आई आहे, मला कळायला नको? वर्षभर विचारते आहे. प्रत्येक फोनवर विचारते. ती ‘गिऱ्हाईक आलं असेल तुझं’ म्हणते आणि फोन ठेवते. तिचा तुमच्यावर लहानपणापासून जीव. तुमच्याजवळ काही बोलली का? बोलली असेल तर लपवू नका.

आणि तुम्ही समितीत आहात म्हणता तर बोला की. तुमच्या त्या विश्वासू मंडळींना तोंडावर सांगायला तुम्हाला कुणाची भीती? निवृत्तीला वर्ष राहिलं, आता तुमचं कोण काय वाकडं करणार? आधी ‘ती माझी भाची आहे’ म्हणून सांगा आणि मग हवं ते सुनवा. वशिला गेला खड्ड्यात.

होत नसेल तर तसं कळवा. मी येऊन तिला घेऊन जाईन. दुकानात काचा पुसायला माणूस लागतंच.

वहिनी


२० नोव्हेंबर

वहिनी,

समितीची सभा झाली. तुला सगळं सांगते, म्हणजे तुझी मुलगी कुठल्या दिव्य लोकांत राहते ते तुला समजेल.

पहिला विषय लाल रिबिनी. त्या डाव्या बाजूला लावायच्या की उजव्या, यावर डॉक्टर आणि मानसशास्त्राचे प्राध्यापक असे भांडले की मला वाटलं आता एकमेकांना टाचणी टोचतात. हे मानसशास्त्रवाले दर दुसऱ्या वाक्याला ‘सहानुभूती’ म्हणतात. गेल्या आठवड्यात तुडतुडी समोरून आली तेव्हा हेच गृहस्थ रस्ता ओलांडून पलीकडे गेले होते, मी माझ्या खिडकीतून पाहिलं. सहानुभूती त्यांना बहुतेक पलीकडच्या फुटपाथवरून नीट येते.

दुसरा विषय जागा. सभागृहाचं छत उतरवलेलं आहे, मैदानावर परीक्षेचा मंडप आहे. कुठे घ्यायचा कार्यक्रम? सगळे विचारात पडले. मग कुलसचिव घसा साफ करून म्हणाले, ‘पोहण्याचा तलाव रिकामाच आहे.’

मला वाटलं कुणीतरी हसेल. एकही हसला नाही. उलट सगळ्यांचे चेहरे उजळले. खोल बाजूला व्यासपीठ टाकायचं, उथळ बाजूकडून श्रोते बसवायचे, उतार आयताच आहे, मागच्यांनाही दिसेल, आवाज घुमेल, शिवाय मंडपाचं भाडं वाचेल. क्रीडा संचालकांनी लगेच आराखडा काढला. टाइल्सच्या भिंतींवर फलक लावायचे ठरले, त्यातल्या एकाचा मजकूर मी जसाच्या तसा देते: ‘एकत्र पोहल्याने एचआयव्ही पसरत नाही.’ तो कुठे लावायचा हे संचालकांनीच सुचवलं. शिडीजवळ, म्हणजे उतरताना वाचता येईल. ‘लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण’ हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्याचं असं फरशीसकट प्रात्यक्षिक मी पहिल्यांदाच बघते आहे.

सभेनंतर चहा झाला. इतिहासाच्या प्राध्यापकांनी सांगितलं की त्यांच्या बायकोच्या अंगाला आठवडाभर खाज सुटते आहे. ही बाई पन्नाशीत पाठीवर तरंगायला शिकली ती तुडतुडीकडून, आणि तेव्हा क्वार्टर्सभर मिरवत होती. आता खाजवते आहे. डॉक्टर तिथेच उभे होते, ‘बघू, बघू’ म्हणाले. या खाजेचा आणि तलावाचा काही संबंध नाही असं म्हणायला त्यांची जीभ रेटली नाही.

मी सभेत काही बोलले नाही. घाई करून चालत नाही, अशा गोष्टींना वेळ यावी लागते. एकदा कार्यक्रमाची रूपरेषा पक्की झाली की मग पाहू.

तुझ्या प्रश्नाचं म्हणशील तर, मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. कावीळ झालेल्या माणसाला कुणी ‘कुठलं पाणी प्यायलास ते आधी सांग, मगच औषध देतो’ असं म्हणतं का? हा प्रश्न ज्याला पडतो त्याला उत्तर नको असतं. ती निर्दोष की सदोष, एवढं ठरवायचं असतं. आता रागाव.

तुझी नणंद


२५ नोव्हेंबर

वन्सं,

रागावले.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा हसले, कबूल करते. दुसऱ्यांदा मात्र एक गोष्ट ध्यानात आली. तुम्ही डॉक्टरांची साल काढलीत, कुलसचिवांची काढलीत, मानसशास्त्रवाल्यांची काढलीत, त्या खाजवणाऱ्या बाईचीही काढलीत. मी तुम्हाला एकच विचारलं होतं, ती तुमची भाची आहे हे सांगितलंत का? त्याचं उत्तर चार पानांत कुठेही नाही. तिसऱ्यांदा तेवढंच शोधत वाचलं.

मानसशास्त्रवाले रस्ता ओलांडून गेले ते तुम्ही खिडकीतून पाहिलंत. मग खाली उतरून तुम्ही तिच्याबरोबर दोन पावलं चाललात का? खिडकीत उभं राहून दुसऱ्याला नावं ठेवायला काय लागतं? उंटावरून शेळ्या हाकायच्या, आणि वर शेळ्या मूर्ख म्हणायचं.

वेळ यावी लागते म्हणे. वेळ यायला ती काय पाहुणी आहे?

तुम्हाला त्यांचं भय नाही, हे मला माहीत आहे. तुम्हाला लाज वाटते आहे. जिन्यातली ती बाई उद्या तुमच्याकडेही तसंच बघेल, याची. उगीच शब्दांचे बुडबुडे काढू नका.

मी ५ डिसेंबरला येते आणि तिला घेऊन जाते. तिला सांगून ठेवा, मी सांगितलं तर फोन ठेवेल.

वहिनी


२८ नोव्हेंबर

वहिनी,

तुझं पत्र झोंबलं. झोंबावं म्हणूनच लिहिलं होतंस, तेव्हा अभिनंदन.

काल मी तिच्या खोलीवर गेले. पहिल्यांदाच. आत पाऊल टाकायच्या आधी मी मागे वळून पाहिलं, कुणी बघत तर नाही ना म्हणून. हे तुला लिहिण्याची गरज नव्हती, पण तू तसंही ओळखलं असतंस.

खोली एवढीशी. पलंग, टेबल, भिंतीवर पोहण्याच्या टोप्या ओळीने टांगलेल्या, खिडकीतून रिकामा तलाव. तिला संचालकांचं पत्र आलं आहे. तलाव पुन्हा सुरू होईपर्यंत सेवेची आवश्यकता नाही, खोली १५ डिसेंबरपर्यंत सोडावी. तलाव पुन्हा केव्हा सुरू होणार हे ठरलेलं नाही. सुबक काम आहे. कुणी तिला काढलं नाही, आणि तरी ती गेली.

मी तिला सांगितलं की आई तुला न्यायला येते आहे. ती म्हणाली, ‘कशाला, वेगळ्या दोरीवर वाळत घालायला?’

मला कळलं नाही. मग तिने सांगितलं. सुट्टीत ती तुझ्याकडे आली होती तेव्हा तिचा टॉवेल तू वेगळ्या दोरीवर टाकत होतीस. गच्चीवर तीन दोऱ्या असताना चौथी बांधलीस. दुसऱ्या दिवशीपासून ती स्वतःच जाऊन त्या दोरीवर टाकायला लागली, तुला ओशाळं वाटू नये म्हणून. मला लाज वाटते असं मला खडसावणारी तू. मी खिडकीत उभी होते, कबूल. तू गच्चीत होतीस.

आपल्या दोघींच्या भांडणाचं तिला सांगितलं तर ती हसली. म्हणाली, ‘भांडा. तेवढा वेळ तरी मला कुणी काही विचारत नाही.’

मी तिला म्हटलं, मी कार्यक्रमात उभी राहून सगळ्यांना सुनावते. तर ती एकदम गंभीर झाली. ‘आत्या, माझ्याबद्दल काय बोलायचं ते मी बोलेन. डॉक्टर माझ्याबद्दल बोलले, संचालक बोलले, तू पण बोलणार. तुला बोलायचंच असेल तर तुझ्याबद्दल बोल.’

मी घरी आले. वाटेत जिन्यात ती इतिहासवाली भेटली आणि ‘कुठे गेला होता’ म्हणाली. मी ‘फिरायला’ म्हटलं.

तुझी नणंद


२ डिसेंबर

वहिनी,

कार्यक्रम काल झाला. डोकं अजून ठिकाणावर नाही, तरी क्रमाने सांगते.

शिडीवरून एकेक विद्वान तलावात उतरला. प्रत्येकाच्या छातीवर रिबीन. डावी-उजवीचा निकाल लागला नव्हता, त्यामुळे दोन्हीकडे होत्या. टाइल्सवर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडलेल्या. उतार आणि गुळगुळीत फरशी. माणूस जरा हलला की खुर्ची बोटभर पुढे. अर्ध्या तासात पहिली रांग व्यासपीठाला जाऊन टेकली. श्रोते आपणहून जवळ येत आहेत असं वाटून कुलगुरूंनी त्यांचं कौतुक केलं.

मग त्यांचं भाषण झालं. आमचं विद्यापीठ हे एक कुटुंब आहे, इथे भेदभावाला थारा नाही, वगैरे. बोलाचाच भात आणि बोलाचीच कढी, आणि वाढायला माइक. मानसशास्त्रवाले सतरा वेळा सहानुभूती म्हणाले असतील, मी मोजणं सोडून दिलं.

पाहुण्या म्हणून बाहेरच्या मोठ्या रुग्णालयातल्या एक डॉक्टरबाई बोलावल्या होत्या. त्यांना इथलं काहीच माहीत नव्हतं. त्या साधं बोलल्या. औषध नियमित घेतलं की रक्तात विषाणू सापडणार नाही इतका कमी होतो, आणि मग तो शरीरसंबंधातूनही दुसऱ्याला जात नाही. हात मिळवून, एका ताटात जेवून, एकत्र पोहून तर तो कधीच जात नव्हता. शिडीजवळच्या फलकाकडे बोट दाखवून त्या म्हणाल्या, हे छान लिहिलंय. मग इकडेतिकडे पाहिलं आणि सहज विचारलं, ‘पण हा तलाव रिकामा का आहे?’

वहिनी, मागच्या रांगांतल्या खुर्च्या एकदम बोटभर पुढे सरकल्या.

‘दुरुस्ती,’ संचालक म्हणाले. ‘कसली?’ बाईंनी विचारलं. खरंच कुतूहलाने विचारलं. संचालक टाइल्सकडे बघायला लागले, जणू एखादी फुटकी सापडली तर बरं.

तेवढ्यात मागून, उथळ बाजूकडून आवाज आला. ‘माझ्यामुळे.’

तुडतुडी शिडीच्या पायरीवर उभी होती. आवाज चढवला नाही, तलावच तिचा, कुठून बोललं की कुठे पोचतं तिला माहीत. म्हणाली, ‘मी इथे पोहायला शिकवते. मला एचआयव्ही आहे. या बाईंनी आत्ता सांगितलं तसंच माझं आहे, औषध घेते, बरी आहे. हे ज्यांना माहीत होतं त्यांनी पाणी काढून टाकलं.’

संचालकांनी माइक ओढला. ‘या कोण? यांना आत कुणी सोडलं?’ असं विचारलं. हा माणूस! दोन वर्षं तिच्या हजेरीवर सह्या करणारा, आठवड्यापूर्वी तिला खोली सोडायचं पत्र देणारा. हा विचारतो, या कोण.

मी उठले. उठले तशी माझी खुर्ची घसरून पुढच्या रांगेवर धडकली, त्यामुळे सगळ्यांनी माझ्याकडेच पाहिलं. मी म्हटलं, ‘माझी भाची आहे. माझ्या सख्ख्या भावाची मुलगी.’ आणखी बरंच बोलायचं म्हणून मी पाठ करून आले होते. त्यातलं काही आठवलं नाही. एवढंच बोलले, की हे मी दोन वर्षं सांगितलं नव्हतं, आधी वशिला म्हणतील म्हणून आणि गेला महिना नुसतीच घाबरून.

टाळ्या पडल्या नाहीत. त्या सिनेमात पडतात. इथे लोक रिबिनींशी चाळा करत बसले आणि इतिहासवाली मान वळवून माझ्याकडे बघत राहिली, तू म्हणाली होतीस अगदी तशी. काही झालं नाही, वहिनी. नुसती नजर होती. तिला मी महिनाभर भ्याले.

पाहुण्या बाई जाताना कुलगुरूंना म्हणाल्या, ‘पुढच्या आठवड्यात इकडून जाणार आहे, पाणी भरलं असेल तर बघायला येईन.’ हसत म्हणाल्या. कुलगुरू हसले नाहीत.

तू ५ तारखेला येते आहेस ना? ती सामान बांधत नाहीये, हे सांगून ठेवते.

तुझी नणंद


१७ डिसेंबर

वहिनी,

तू आलीही नाहीस आणि तुझं उत्तरही नाही. टॉवेलचं मी लिहिलं ते जास्त झालं असेल. खरं होतं, पण जास्त झालं.

तलाव भरला. पाटी निघाली. दुरुस्त काय झालं म्हणशील तर काहीच नाही, उलट व्यासपीठ उचलताना दोन टाइल्स फुटल्या. तुडतुडीला पुन्हा कामावर घेतलं आणि खोलीचं पत्र मागे घेतलं. आता तू म्हणशील, जिंकलो. थांब. आमचे संचालक हार मानणाऱ्यांतले नाहीत, ते नियम काढणाऱ्यांतले आहेत. त्यांनी नवा नियम काढला आहे: महिलांच्या वर्गाला किमान सहा जणी असाव्यात, त्याही विद्यापीठातल्या कर्मचारी किंवा कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीयच. महिनाअखेरपर्यंत सहा झाल्या नाहीत तर वर्ग बंद. वर्ग बंद म्हणजे शिक्षिका कशाला हवी? पाणी भरलं, माणसं भरली नाहीत. यात कुठे कुणी भेदभाव केला? कुणीच नाही. बायका आपापल्या मर्जीने येत नाहीत, त्याला संचालक बिचारे काय करणार.

पहिल्या दिवशी फक्त मी. होय, मी. बादलीहून खोल पाणी मला आवडत नाही हे तुला माहीत आहे. मी काठाची दांडी अशी धरून होते की सुटली असती तर भिंतीतून दांडीच सुटली असती, माझा हात नाही. मग ग्रंथपालबाई आल्या. त्या वाचनालयात कुणाला बोलू देत नाहीत, इथे मात्र पाण्यात उतरताना एवढं ओरडल्या की मला फार बरं वाटलं. मग कुलसचिवांच्या कार्यालयातल्या दोघी, साहेब रजेवर आहेत तेवढ्यात.

पाचवी कोण ओळख. इतिहासवाली. काठावर उभी राहून आधी अर्धा तास, ‘मी कुणालाच सांगितलं नव्हतं हं,’ हे मला सांगितलं. मी म्हटलं, मला सांगितलं होतंत. मग म्हणाली, ‘पाठीवर तरंगताना कान पाण्यात असतात. घरातलं कुणी हाका मारतंय का ते ऐकू येत नाही. फार सवय झाली हो त्याची.’ आणि उतरली. मला ती बाई अजूनही आवडत नाही. पण दांडी एकच आहे, धरतो दोघी.

एक कमी आहे. संचालक रोज काठावर येऊन डोकी मोजून जातात.

आणखी एक. काल तुडतुडी मला पाठीवर तरंगायला शिकवत होती. माझ्या पाठीखाली तिचे दोन हात, मी डोळे गच्च मिटलेले. तेव्हा ती आपणहून बोलली. कसं झालं ते. मी विचारलं नव्हतं. मी ते तुला लिहिणार नाही, ते तिचं आहे. एवढंच लिहिते की ऐकून झाल्यावरही मी होते तिथेच तरंगत होते.

तुझी नणंद


२३ डिसेंबर

वन्सं,

उत्तर दिलं नाही कारण टॉवेलचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. दोरी मी बांधली होती. डॉक्टरांनी मला सगळं समजावलं होतं, मला समजलंही होतं, तरी हात दुसरीकडे गेला. तिला कळलं नसेल असं मला वाटत होतं. म्हणजे मी तुमच्या डॉक्टरांसारखीच.

५ तारखेला निघणार होते. आदल्या दिवशी तिचा फोन आला. ‘आई, तू न्यायला येतेयस की लपवायला?’ म्हणाली. मी पिशवी भरली होती ती रिकामी केली.

परवा दुकानात तिच्या शाळेचे जुने मुख्याध्यापक आले. बातमीला पाय असतात, ती इथवरही आली आहे. मी त्यांच्या डोळ्यांवर चाचणीची फ्रेम चढवली, डाव्या डोळ्याची काच बदलत होते, आणि ते आवाज खाली आणून म्हणाले, ‘तुमच्या मुलीचं ऐकलं. फार वाईट झालं. पण झालं कसं?’

वन्सं, मला शिसारी आली. तोच माझा प्रश्न, अक्षर न् अक्षर. दुसऱ्याच्या तोंडून ऐकला तेव्हा त्याला कसला वास येतो ते कळलं. मी म्हटलं, ‘सर, तुमचा डावा नंबर एवढा वाढला, तो कसा वाढला हे मी विचारलं का? मी काच बदलून दिली.’ त्यांना राग आला असावा. चष्मा मात्र इथेच करायला टाकून गेले, माणूस चिकट.

ते गेल्यावर मी शटर अर्धं ओढून बसले. या माणसाची ती कुणी लागत नाही, त्याने विचारलं तर विचारलं. मी आई आहे, आणि वर्षभरात मी तिला दुसरं काही विचारलंच नाही. प्रबंध कशावर चाललाय तेसुद्धा मला धड सांगता येणार नाही.

तुम्हाला तिने सांगितलं हे वाचून मला पोटात दुखलं, खोटं कशाला बोलू. पण सांगू नका. मीही नाही विचारणार.

तुमच्या त्या नियमात कर्मचाऱ्यांच्या कुटुंबीय असं आहे ना? भावजय कुटुंबात धरतात की नाही, ते संचालकांना विचारून ठेवा, आणि नाही म्हणाले तर माझ्याशी गाठ घालून द्या. मी सोमवारी दुकान बंद करून येते आहे. डोकी मोजणाऱ्याला म्हणावं, सहावं येतंय. मला पाण्याची तुमच्याहून जास्त भीती वाटते, तेव्हा दांडीची एक बाजू रिकामी ठेवा.

तिला मी येते आहे हे सांगू नका, नाही म्हणेल. तोवर एक बघा, पाण्यातून बाहेर आल्यावर ती लगेच काही खाते का? लहानपणी पोहून आली की भुकेने रडायची.

वहिनी